‘ध’चा ‘मा’ : एका अक्षरावर उभा असलेला आरोप

मराठीत काही वाक्प्रचार थेट इतिहासातून आले आहेत. १७६१ च्या पराभवाने ‘पानिपत होणे’ दिले. पण हा वाक्प्रचार रणांगणातला आहे. राजवाड्यातल्या कारस्थानातून आलेला आणि आजही वापरात असलेला वाक्प्रचार म्हटला, की पहिला आठवतो तो ‘ध चा मा करणे’. ग्रामपंचायतीच्या ठरावात कोणी शब्द बदलला, अहवालाचा मसुदा वरच्या टेबलावरून वेगळाच होऊन परतला, की आपण सहज म्हणून जातो, ‘इथं कुणीतरी ध चा मा केलाय.’

या तीन अक्षरांच्या मागे काय आहे, आणि त्यातले किती पुराव्याचे नि किती समजुतीचे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. मी पदवीने इतिहासकार नाही. पोटासाठी दस्तलेखन केले, आणि जुन्या खरेदीखतांपायी मोडी शिकलो. शिकवायला कोणी नव्हते. बाराखडीचा तक्ता समोर ठेवून एकेक कागद लावत गेलो. त्यामुळे पेशवाईतल्या या प्रकरणाकडे मी साहजिकच दस्तलेखकाच्या नजरेने पाहतो. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे प्रश्न मला आधी पडतात.

प्रथम घटना. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. पेशवाईची वस्त्रे त्यांच्या धाकट्या भावाला, नारायणरावाला मिळाली. त्याचे वय तेव्हा सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणेशोत्सवाचे दिवस. दुपारी थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. वाड्यातला तुळाजी पवार त्यांना सामील. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेला, त्याला बिलगला, आणि तिथेच मारला गेला.

पेशवा आपल्याच वाड्यात, आपल्याच चाकरीतल्या शिपायांकडून मारला जातो आणि गादीवर ज्याला लाभ होणार तोच चुलता बसतो, यापेक्षा मोठे राजकीय प्रकरण त्या शतकात पुण्याने पाहिले नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. चौकशीअंती त्यांनी राघोबांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते घडत नाही असे दिसताच पुणे सोडले, ही कथा सर्वांना माहीत आहे. कारभाऱ्यांनी राघोबाविरुद्ध फळी उभी केली, ती ‘बारभाई’. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाची विधवा पत्नी गंगाबाई हिला मुलगा झाला. तो सवाई माधवराव. राघोबा इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध सालबाईच्या तहापर्यंत, १७८२ पर्यंत, चालले. एका दुपारचे पडसाद नऊ वर्षे उमटत राहिले.

जाता जाता ‘बारभाई’ या शब्दाचेही पाहू, कारण तो याच प्रकरणाने रूढ केला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे ही त्यांतली ठळक नावे. बारा हा आकडा मोजून आलेला नाही. ‘पुष्कळ जण मिळून’ एवढाच त्याचा अर्थ. आज ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे जिथे सगळेच मालक आणि जबाबदार कोणीच नाही असा कारभार. प्रत्यक्षातल्या बारभाईंनी मात्र तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य टिकवले. शब्द रूढ झाला की तो ज्यांच्यावरून आला त्यांच्याशी प्रामाणिक राहतोच असे नाही. पुढच्या विवेचनासाठी हे ध्यानात ठेवावे.

आता ‘ध’ आणि ‘मा’. कथा अशी : राघोबांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला, ‘नारायणरावांस धरावे’. तो कागद गारद्यांच्या हाती पडण्यापूर्वी आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले.

छापील रूपात ही हकिकत सर्वदूर नेणारे पुस्तक म्हणजे ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. तो १८२६ साली निघाला आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपनने केलेला त्याचा मराठी अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळाशाळांतून गेला. डफ साताऱ्यात राहिलेला, पेशवाई पाहिलेली माणसे त्याला भेटलेली. म्हणून तो नेमके काय म्हणतो हे नीट वाचायला हवे. त्याच्या सांगण्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली : राघोबांनी रामशास्त्र्यांपुढे कबूल केले असे म्हणतात, की धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नाही. दुसरी : मूळ कागद पुढे रामशास्त्र्यांच्या हाती आला, त्यात ‘धरावे’ बदलून ‘मारावे’ केलेले आढळले. तिसरी : हा बदल आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे.

दस्त वाचणाऱ्या माणसाला या तीन पायऱ्यांमधला फरक लगेच दिसतो. पहिली ऐकीव कबुली आहे. दुसरी वस्तूविषयीचे विधान आहे. तिसरी निव्वळ समज आहे, आणि डफनेही तिला समजच म्हटले आहे. आपण मात्र पहिल्या दोन विसरलो आणि तिसरीला निकाल मानले. मूळ कागद आज आपल्यापुढे नाही. पेशवे दप्तरातून सरदेसायांनी निवडून छापलेले पंचेचाळीस खंड आहेत, राजवाडे-खरे यांनी काढलेली साधने आहेत. पण ज्या एका चिठ्ठीवरून मराठीला हा वाक्प्रचार मिळाला ती चिठ्ठी त्यांत नाही. एका परीने ‘ध चा मा’ हा वाक्प्रचारच त्या चिठ्ठीची उरलेली एकमेव नक्कल आहे.

क्षणभर ती चिठ्ठी समोर आहे असे धरू. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला लटकावत जातात. शब्द तोडत नाहीत. बोरू कमीत कमी वेळा उचलावा म्हणून अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. काना सुटा उभा राहत नाही, अक्षराला लागून येतो. अशा सलग लेखनात ‘धरावे’चे ‘मारावे’ करायचे तर काम दुहेरी आहे. नुसता ‘ध’चा ‘म’ करून भागत नाही. तसे केले तर ‘मरावे’ होते आणि वाक्याला अर्थ राहत नाही. वर काना घालावा लागतो, आणि ‘ध’ व ‘रा’ यांच्यामध्ये त्याला मोकळी जागा नसते. म्हणजे बदल झाला असेल तर तो लपणारा नव्हता. ज्याचा जन्म कागद वाचण्यात गेला अशा न्यायाधीशाच्या नजरेत तो सहज आला असता. आपल्या वाक्प्रचाराचे कान मात्र तिखट आहेत. तो ‘ध चा म’ म्हणत नाही, ‘मा’ म्हणतो. काना त्याने नोंदवला आहे.

दुसरा मुद्दा वाचणाऱ्याचा. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे उत्तरेकडून आलेले भाडोत्री शिपाई. मोडीतला मराठी हुकूम त्यांतला कोण स्वतः वाचणार? त्यांना तो कोणीतरी वाचून दाखवणार. असे असेल तर अक्षर खोडण्याची गरजच काय? वाचणाऱ्याने ‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ उच्चारले असते तरी काम झाले असते. कागदातला बदल गारद्यांसाठी नव्हे, पुढे कागद तपासणाऱ्यांसाठी उपयोगाचा ठरतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण कथेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो मांडतो.

तिसरा मुद्दा लाभाचा. या कथेचा लाभ कोणाला? ‘धरावे’ हा मूळ शब्द मानला, की राघोबांचा गुन्हा खुनाचा उरत नाही, कैदेच्या हुकुमापुरता उरतो. सगळा भार अक्षर बदलणाऱ्या हातावर जातो. हे डफलाही जाणवले असावे, कारण मिठी मारलेल्या पुतण्याला न वाचवणे हेही मारण्याच्या हुकुमाइतकेच गुन्ह्याचे, असे तो तिथेच लिहून जातो. आणि रामशास्त्री? त्यांच्या कथेत प्रायश्चित्त राघोबांनाच आहे. न्यायाधीशाने अक्षराच्या आडून कोणाला सोडल्याचे दिसत नाही. लोकांच्या बोलण्याने मात्र नवऱ्याला निम्मा सोडला आणि बायकोला पूर्ण धरले.

आनंदीबाईंवरच संशय का गेला, याचे एक कारण मला त्यांच्या साक्षरतेत दिसते. त्या लिहित्या-वाचत्या होत्या. त्यांची सासूसमान जाऊ गोपिकाबाई हीसुद्धा पत्रे लिहिणारी, राजकारणात सल्ला देणारी. पण ज्या काळात बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात एखादीच्या हाती बोरू असणे हेच लोकांना पुरेसे वाटले असावे. वाड्यात लिहिणारे कारकून अनेक होते. त्यांपैकी एकाचेही नाव या वाक्प्रचाराला चिकटले नाही.

पुढचे काम रंगभूमीने केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली आले आणि राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री ही तीन पात्रे घराघरांत पोचली. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ चित्रपट आला. नाटकाला खलनायिका हवी असते यात नाटककाराचा दोष नाही. पण नाटक पाहून आलेला प्रेक्षक ते इतिहास म्हणून पुढच्या पिढीला सांगतो, आणि मग डफचा ‘सार्वत्रिक समज’ कुठल्या कुठे राहतो.

आता वाक्प्रचाराचे व्याकरण पाहा. हुकुमातले ‘नारायणरावांस धरावे’ हे वाक्य भावे प्रयोगातले आहे. कोणी धरावे ते त्यात नाही. आजच्या शासकीय मराठीतही ‘कार्यवाही करावी’, ‘नोंद घ्यावी’ अशीच वाक्ये असतात. करणारा गुप्त, क्रियापद तेवढे पुढे. आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारही तसाच, कर्ता नसलेला. ‘ध चा मा झाला’ म्हटले की कोणी केला हे सांगायची सक्ती उरत नाही. भाषेने खून विसरून खाडाखोड लक्षात ठेवली, आणि खाडाखोड लक्षात ठेवताना खाडाखोड करणारा मोकळा सोडला. आनंदीबाईंचे नाव कथेने जोडले आहे. वाक्प्रचार स्वतः कोणाचेच नाव घेत नाही. मला वाटते, या बाबतीत वाक्प्रचार कथेपेक्षा प्रामाणिक आहे.

प्रकरणांना नाव पडण्याच्या तऱ्हा देशोदेशी वेगळ्या. अमेरिकेत १९७२ साली वॉटरगेट नावाच्या इमारतीत घरफोडी झाली, अध्यक्ष निक्सन यांना १९७४ मध्ये पद सोडावे लागले, आणि तेव्हापासून कुठल्याही भानगडीच्या मागे ‘गेट’ हे शेपूट लावायची तिथे रीत पडली. आपल्या वर्तमानपत्रांनीही ती उचलली. त्या प्रकरणातही नोंदीची मोडतोड होती. ध्वनिफितीतली साडेअठरा मिनिटे पुसली गेलेली निघाली. पण शब्द बनला तो इमारतीवरून. आपल्याकडे शनिवारवाडा मागे राहिला आणि शब्द बनला अक्षरावरून. दप्तराच्या, हिशेबाच्या, कागदाच्या जोरावर चाललेल्या राज्याने आपल्या सर्वांत मोठ्या कलंकाला दप्तरी नाव द्यावे, यात मला नवल वाटत नाही.

कारण कागद सांभाळायची कला या राज्याला चांगलीच अवगत होती. पत्राच्या शेवटी मोर्तब उठवायचे, ते शोभेसाठी नव्हे. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते, तिचेही काम तेच. हुंडीत रक्कम अंकांत लिहायची, अक्षरांत लिहायची, शिवाय तिची निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट असे सांगायचे. शंभराचे हजार करायला निघालेल्या माणसाला मग तीन ठिकाणी हात मारावा लागतो. आम्ही दस्तलेखक आजही रक्कम अंकी आणि अक्षरी लिहून पुढे ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ घालतो, आणि खाडाखोड झालीच तर तिच्याशेजारी सह्या घेतो. ही त्याच घराण्याची रीत.

मग एवढ्या सावध दप्तरातून ‘ध चा मा’ कसा निसटला? उत्तर सोपे आहे. तो कागद दप्तरातला नव्हताच. सरकारी हुकूम चिटणीस-फडणिसांच्या हातांखालून जातो, त्याची नोंद होते, नक्कल राहते. पुतण्याला धरण्याचा हुकूम नोंदवून कोण देणार? त्याला साक्षीदार नाही, नक्कल नाही, मोर्तब नाही. जो कागद जगापासून लपवायचा असतो, तो लिहिणाऱ्यालाच वाचवू शकत नाही. ‘मी धरावे लिहिले होते’ हे राघोबांचे म्हणणे खरे असेलही, पण ते सिद्ध करायला त्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. आनंदीबाईंनाही ‘मी हात लावला नाही’ हे सिद्ध करता येणार नव्हते, ते त्याच कारणाने. या सगळ्या प्रकरणातून काही शिकायचे असेल तर ते हेच, असे मला वाटते. अक्षर बदलते ते नक्कल नसलेल्या कागदावर.

हे जुने झाले असे म्हणायची सोय नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतली ‘धनगड’ ही नोंद मुळात ‘धनगर’च आहे, लिहिताना ‘र’चा ‘ड’ झाला, असे धनगर समाजाचे कित्येक वर्षांचे म्हणणे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. त्या मागणीवर मत देण्याचा माझा अधिकार नाही. पण ‘र चा ड’ हा साचा कुठून आला, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या प्रकरणाने आपल्याला अन्याय सांगण्याची एक रीतच दिली, की आमचे अक्षर कोणीतरी बदलले.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी गरज पडली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तोवर मोडी हा निवृत्तांचा छंद समजला जाई. खरे तर मोडी आपल्याकडे हेमाडपंताने आणली अशी परंपरा, आणि हेमाडपंत ज्या यादवांचा प्रधान त्यांची देवगिरी आमच्या शहरापासून तासाभराच्या आत. तरी इथल्या बहुतेकांना पणजोबांचा कागद लावता येत नाही. ज्यांना लावता येतो त्यांच्यावर केवढा भार असतो, ते अशा वेळी कळते. झिजलेल्या पानावरचे एक अक्षर असे वाचले तर एक जात, तसे वाचले तर दुसरी. माझ्याकडे कोणी असा कागद घेऊन आला, की मी एक नियम पाळतो. जिथे अक्षर लागत नाही तिथे टिंबे देतो आणि शेजारी ‘अस्पष्ट’ लिहितो. समोरच्याला ते आवडत नाही. पण तिथे आपल्या मनाने अक्षर भरणे म्हणजे काय, ते मला चांगले ठाऊक आहे.

राघोबा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारले. ते गोदावरीकाठचे गाव आमच्या वैजापूरला लागूनच. आनंदीबाई पुढे नाशिकजवळच्या आनंदवल्लीत राहिल्या आणि १७९४ मध्ये गेल्या. त्यांच्यावर खटला चालला नाही, जबाब झाला नाही, निकाल लागला नाही. शिक्षा मात्र चालू आहे, आणि ती देतो आपण, बोलता बोलता. त्या निर्दोष होत्या असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. त्या दोषी होत्या असे म्हणण्याइतका तो डफपाशीही नव्हता. वाक्प्रचार वापरायला हरकत नाही. तो नेमका आहे, उपयोगी आहे. फक्त पुढच्या वेळी मुलांना तो समजावताना ‘आनंदीबाईने केला’ हे वाक्य जोडण्याआधी थांबावे. त्या जागी टिंबे द्यावीत आणि शेजारी ‘अस्पष्ट’ असे लिहावे.